युरोपचा इतिहास, मास्टर्स, दोन-तीन देशांत मिळून: कोणी केलंय का?

सायली_वाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, पहिल्यांदाच धागा काढतेय. मी पुण्यात इतिहासात एमए करतेय, पहिलं वर्ष. बीएला असताना आधुनिक युरोपचा एक पेपर होता, फ्रेंच राज्यक्रांतीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सगळं एका सत्रात, आणि त्यात १९व्या शतकातला राष्ट्रवाद हा विषय मला इतका आवडला की तेव्हापासून डोक्यातून जातच नाही. शोधता शोधता इरॅस्मस मुंडस (युरोपियन युनियनची योजना) सापडलं, म्हणजे एकच मास्टर्स पण एक वर्ष या देशात, एक वर्ष त्या देशात, आणि शेवटी जॉइंट किंवा दोन डिग्र्या. स्कॉलरशिप मिळाली तर राहण्याखाण्याचं पण भागतं म्हणतात.

बाबांचा प्रश्न: आपला इतिहास सोडून तिकडचा कशाला? काकूचा प्रश्न: पुढे नोकरी काय? माझे प्रश्न वेगळे आहेत. देश बदलत शिकल्याने अभ्यासात खरंच फरक पडतो की नुसतं फिरणं होतं? भाषा किती लागतात? आणि इतिहासाचे असे कोर्स नेमके कुठले, कारण यादीत निम्मे इंजिनिअरिंगचेच दिसतात. कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

पंचगंगा

मस्त धागा. मी केलंय. ग्लोबल स्टडीज, लाइपझिग आणि मग व्रोत्स्वाफ (पोलंड). नावात ग्लोबल असलं तरी युरोपच्या नजरेतून आहे, इतिहास भरपूर. आधी स्कॉलरशिपचं लिहितो, बाकीचं रात्री.

इरॅस्मस मुंडसची स्कॉलरशिप सध्या महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, आणि ज्याला ती मिळते त्याला फी नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा वगैरे यातच बसवायचं, वेगळे पैसे येत नाहीत. अर्ज थेट त्या त्या कोर्सकडे करायचा, अर्जाची फी घ्यायला त्यांना परवानगीच नाही, त्यामुळे कुठला एजंट पैसे मागत असेल तर सरळ ठेवून दे फोन. पूर्वी एका वर्षात तीनच अर्ज करता यायचे, आता ती मर्यादा गेली. बहुतेकांच्या तारखा ऑक्टोबर ते जानेवारी, पुढच्या सप्टेंबरच्या बॅचसाठी. बीए झालेलं पुरतं, शेवटच्या वर्षाला असलेलेही करू शकतात, एमए पूर्ण व्हायची वाट बघू नकोस.

इतिहासाच्या जवळचे मला माहीत असलेले: हिस्टरी इन द पब्लिक स्फिअर (व्हिएन्ना, फ्लॉरेन्स, लिस्बन, तोक्यो), टेमा (बुडापेस्ट, पॅरिस, प्राग, कातानिया), युरोकल्चर (ग्रोनिंगेन, ग्योटिंगेन, उप्साला, क्राकूव्ह वगैरे बरीच मोठी यादी). युरोकल्चरच्या युरोपबाहेरच्या जोडीदारांमध्ये आपलं पुणे विद्यापीठ पण आहे, त्यांच्याकडे जाऊन विचारायला तुला रिक्षाच पुरेल. कुठल्या कोर्सला कुठल्या वर्षी स्कॉलरशिपा आहेत ते बदलत राहतं, इरॅस्मस मुंडसच्या अधिकृत यादीत बघून घे.

नानासाहेब_ठाणे

सायली, तुझ्या वडिलांची बाजू मांडतो. मी इतिहासाचाच माणूस, शिक्षकी पेशात आयुष्य गेलं. मराठ्यांच्या इतिहासाची अजून किती कागदपत्रं मोडी लिपीत पडून आहेत, वाचायला माणसं नाहीत. तुझ्यासारख्या मुलींनी ते करायचं सोडून जर्मनीच्या बिस्मार्क आणि इटलीच्या गॅरिबाल्डीवर तिकडच्या लोकांनी हजार पुस्तकं लिहिली आहेत त्यात एक हजार एकावं घालायला का जायचं? आणि वाचायचंच असेल तर हल्ली घरबसल्या सगळं मिळतं की. रागावू नकोस, मनापासून विचारतोय.

दप्तरखाना

नानासाहेब, तुमचा प्रश्न रास्त आहे म्हणून सविस्तर उत्तर देते. माझं बुडापेस्ट आणि प्राग झालं.

पुस्तकातून मला १९१८ माहीत होतं. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य फुटलं, नवी राष्ट्रं झाली, परीक्षेत मार्कांपुरता प्रश्न. आता बुडापेस्टमध्ये पार्लमेंटसमोरच्या रस्त्यावर २०२० मध्ये एक स्मारक झालं. जमिनीत उतरत जाणारा शंभर मीटर लांब उतार आहे, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर १२ हजारांहून जास्त गावांची नावं कोरलेली, १९१३ च्या नोंदीनुसार जुन्या हंगेरीच्या राज्यात जेवढी गावं होती तेवढी, आणि नावं सगळी हंगेरियन. ४ जून १९२० च्या त्रियानोंच्या तहात हंगेरीचा दोन तृतीयांश मुलूख गेला. तिथले लोक ते अजून विसरलेले नाहीत, ४ जून हा २०१० पासून तिकडे राष्ट्रीय एकतेचा दिवस आहे.

आमच्या वर्गात एक रोमानियन मुलगी होती, एक स्लोव्हाक मुलगा होता. ट्रान्सिल्व्हानियाचं, म्हणजे हंगेरीकडून रोमानियाला गेलेल्या मुलखाचं, सामीलीकरण म्हणजे रोमानियाचा राष्ट्रीय दिवस, १ डिसेंबर, सुट्टी, परेड. ती मुलगी त्या भिंतीवर स्वतःचं गाव हंगेरियन नावाने शोधत होती. सापडलं. तिने फोटो काढून आजीला पाठवला आणि आजीचा फोन आला तो कितीतरी वेळ चालला, आम्ही बाजूला उभे. नंतर सेमिनारमध्ये तिने त्याच स्मारकावर जे प्रेझेंटेशन दिलं, की १९१३ हेच वर्ष का निवडलं, तेव्हा त्या गावांमध्ये कुठली भाषा बोलणारे किती होते ते भिंत का सांगत नाही, ते ऐकताना हंगेरियन मुलं गप्प होती, मग त्यांनी उलट विचारलं की तहात लोकांना कोणी विचारलं होतं का. दोन तास चाललं. घरबसल्या हे नाही मिळत हो.

मग प्रागला गेले तर तोच १९१८ एकदम आनंदाचा. २८ ऑक्टोबर म्हणजे त्यांचा स्वातंत्र्याचा दिवस. पण तिथल्या जुन्या चौकात मेरीचा एक स्तंभ आहे, त्याची गोष्ट फार बोलकी आहे. १६५० चा स्तंभ. ३ नोव्हेंबर १९१८ ला, स्वातंत्र्यानंतर आठवडाभरातच, जमावाने दोऱ्या लावून पाडला, कारण लोकांना वाटायचं की १६२० साली व्हाइट माउंटनच्या लढाईत चेक सरदार हरले त्या विजयाची हॅब्सबर्गांनी (ऑस्ट्रियाचं राजघराणं) लावलेली ही खूण आहे. प्रत्यक्षात तो १६४८ मध्ये स्वीडिश फौजांपासून शहर वाचलं म्हणून उभारलेला होता. आणि २०२० मध्ये तो परत उभा केला, तोही किती वर्षं वाद घालून. त्याच चौकात फरशीत २७ पांढरे क्रॉस आहेत, व्हाइट माउंटनच्या पराभवानंतर १६२१ मध्ये तिथे २७ जणांना मारलं त्यांचे. दोन्ही एका नजरेत दिसतात. आमच्या सरांनी वर्गच तिथे घेतला, पावसात.

मला शिकायचं होतं ते हे, की लोक भूतकाळाचं करतात काय, कोण कशाला पाडतं आणि कोण कशाला परत उभं करतं. हे एका देशात बसून शिकलं तर त्या देशाचीच बाजू आपसूक आपली होऊन जाते.

मोडीबद्दल तुमचं दुःख माझंही आहे. पण एक सांगते, पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग मी केले होते आणि प्रागला १९व्या शतकातली जर्मन हस्ताक्षरं, कुरेंट म्हणतात त्या लिपीला, वाचायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या युरोपियन मुलांपेक्षा मी लवकर रुळले. अक्षर ओळखीचं नसेल तर शब्दाचा अंदाज बांधून मागे यायचं, एका लेखनिकाचे वळण पकडायचे, ही सवय मोडीनेच लावली. परत आल्यावर मी दोन्ही करतेय.

नानासाहेब_ठाणे

पटलं. निदान बरंचसं पटलं. मोडीचं वाचून फार बरं वाटलं. लिहीत राहा.

अबोली

वाखुसा (वाचनखूण साठवली). आणखी येऊ द्या.

पंचगंगा

आता बसलो निवांत. दप्तरखाना ताईंनी लिहिलंय त्याला माझी व्रोत्स्वाफची जोड.

हे शहर १९४५ पर्यंत जर्मन होतं, ब्रेस्लाऊ. युद्धानंतर सरहद्दी पश्चिमेकडे सरकल्या, शहर पोलंडला आलं, जर्मन लोकांना घालवून दिलं आणि रिकाम्या घरांत पोलिश माणसं येऊन राहिली. त्यातली बरीच पूर्वेकडून आली, ल्वूफ आणि आसपासच्या भागातून, जो मुलूख सोव्हिएत युनियनने घेतला, आज तो युक्रेनमध्ये आहे. म्हणजे एका शहराची माणसंच बदलली. ल्वूफमध्ये १८१७ साली स्थापन झालेलं ओस्सोलिनेउम नावाचं ग्रंथालय होतं, त्याचा काही भाग युद्धानंतर व्रोत्स्वाफला आणला. मी तिथे बसून वाचायचो. ग्रंथालय स्वतःच निर्वासित आहे हे कळल्यावर त्या वाचनालयात बसणंसुद्धा वेगळं वाटायचं.

जर्मन लोकांची स्मशानं नंतर मोडली गेली, दगड इकडेतिकडे गेले. आता ग्राबिशिन्स्की पार्कमध्ये २००८ पासून एक भिंत आहे, त्यात ते जुने जर्मन थडग्यांचे दगड बसवलेत, आता अस्तित्वात नसलेल्या स्मशानांत पुरलेल्या जुन्या रहिवाशांच्या आठवणीसाठी. मी लाइपझिगहून गेलो होतो. तिथे जर्मन वर्गमित्राची पणजी ब्रेस्लाऊची, ती कुठून आली हे तो सांगायचा तेव्हा त्याचा सूर वेगळा, आणि व्रोत्स्वाफला माझ्या घरमालकीणबाईंचे वडील ल्वूफहून मालगाडीने आलेले, त्यांचा सूर वेगळा. आणि दोघांचंही खरंच.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, जवळपास पाच हजार लोक. आजोबांकडून ऐकलेलं की गोऱ्या बायका सायकलवरून बाजारात यायच्या, मराठी मोडकंतोडकं बोलायच्या. यापलीकडे काही माहीत नव्हतं. व्रोत्स्वाफला एका सेमिनारमध्ये नकाशा लावला होता, १९४०-४१ मध्ये सोव्हिएतांनी पूर्व पोलंडमधून लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानला कसं नेलं, मग १९४१ च्या पोलिश-सोव्हिएत करारानंतर त्यातले काही इराणमार्गे बाहेर कसे पडले, आणि त्या नकाशाच्या एका बाणाच्या टोकाला वळिवडे लिहिलेलं. सरांनी विचारलं, हे कुठे आहे कोणाला माहिती आहे? मी हात वर केला आणि मला काही बोलताच येईना थोडा वेळ.

म्हणजे व्रोत्स्वाफमध्ये वसलेले आणि पंचगंगेकाठी वसलेले लोक एकाच पट्ट्यातले, एकाच उलथापालथीत बाहेर फेकले गेलेले. वळिवड्याच्या लोकांना युद्ध संपल्यावर परत जायला गावच पोलंडमध्ये राहिलं नव्हतं, म्हणून कित्येक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला गेले. माझा थिसिस शेवटी त्यावरच झाला. सायली, बाबांना हे सांग, की तिकडचा इतिहास आणि आपला इतिहास अशी भिंत घालता येत नाही.

सायली_वाई

पंचगंगा दादा, अंगावर काटा आला वाचून. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले त्यांच्या आत्या कोल्हापूरच्या, त्यांना विचारतो. नोकरीचं कोणीतरी लिहा ना, काकू परवा येणार आहे.

मांडवीतीर

मी गोव्याची, माझं व्हिएन्ना आणि लिस्बन झालं, पब्लिक हिस्टरीवालं. नोकरीचं शेवटी लिहिते, आधी लिस्बनचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

व्हिएन्नाला आमचं विद्यापीठ म्हणजे सीईयू (सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटी), ते मुळात बुडापेस्टचं. २०१७ मध्ये हंगेरीत असा कायदा आला की त्यांना तिथे अमेरिकन मान्यतेच्या डिग्र्या देणं अशक्य झालं आणि २०१९ पासून ते व्हिएन्नाला आलं. त्यामुळे राजकारण आणि इतिहास यांचा संबंध काय हे आम्हाला कोणी वेगळं शिकवावं लागलं नाही. व्हिएन्नात कार्ल लुएगर नावाच्या महापौराचा पुतळा आहे, १८९७ ते १९१० महापौर, शहर सुधारलं त्याने, आणि ज्यूद्वेषावर राजकारणही केलं त्याने. पुतळा काढायचा की ठेवायचा यावर वर्षानुवर्षं भांडण, २०२० मध्ये कोणीतरी त्यावर जर्मनमध्ये ‘लाज’ असं रंगवलं, शेवटी स्पर्धा घेऊन असं ठरलं की पुतळा साडेतीन अंश उजवीकडे कलता करायचा. आमचा अख्खा एक असाइनमेंट त्या साडेतीन अंशांवर होता. मला स्वतःला तो तोडगा पटला नाही, कलता केला तरी तो मोठाच दिसतो, आणि शेजारी त्याने ज्यांच्याविरुद्ध विष पेरलं त्यांच्याबद्दल काही नसेल तर काय उपयोग. पण वर्गात निम्म्यांना पटला होता.

लिस्बनला गेल्यावर मात्र मी विद्यार्थिनी राहिले नाही, गोंयकारच झाले. नदीकाठी तो प्रचंड दगडी स्मारक-स्तंभ आहे, शोधयात्रांचा, १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरता केलेला आणि १९६० मध्ये काँक्रीट आणि दगडात पक्का केलेला. १९६०, म्हणजे गोवा हातातून जायच्या एक वर्ष आधी! पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याची राजवट तेव्हा काय सांगू पाहत होती ते तारखेतच आहे.

आणि दुसरीकडे पेनिशचा किल्ला, समुद्राच्या अगदी कडेला, जिथे राजकीय कैदी ठेवायचे. गोव्याच्या लढ्यातले आमचे नेते त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा तिथेच होते. १९४६ मध्ये राममनोहर लोहियांच्या गोव्यातल्या सभेनंतर जी धरपकड झाली त्यात त्यांना लष्करी कोर्टाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालला पाठवलं होतं. २०२४ मध्ये त्या किल्ल्यात प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. आणि मराठी वाचकांना तर मोहन रानडे माहीतच असतील, सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेले आणि लढ्यात उतरले. १९५५ ला पकडले गेले, पुढे त्यांना लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात ठेवलं, गोवा १९६१ ला मुक्त झाला तरी ते सुटले १९६९ ला. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके किती झटले ते आपल्याकडच्या जुन्या पिढीला आठवतं. माझ्या पोर्तुगीज वर्गमैत्रिणीच्या आजोबांनीही सालाझारच्या काळात तुरुंग भोगला होता. २५ एप्रिलला, म्हणजे ती राजवट उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीच्या दिवशी, ती मला मोर्चाला घेऊन गेली, हातात लाल कार्नेशनचं फूल. तिच्या आजोबांना आणि आमच्या लोकांना कोंडणारी राजवट एकच होती हे मला शाळेत कधी कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला नुसतं ‘पोर्तुगीज’ माहीत. त्याच क्रांतीनंतर, १९७४ च्या डिसेंबरमध्ये, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं.

नोकरी: माझ्या बॅचचे काही पीएचडीला, काही संग्रहालयांत, काही डॉक्युमेंटरीवाल्यांकडे रिसर्चर, एक दोघं युरोपियन एनजीओत. मी सध्या भारतात एका अर्काइव्हच्या डिजिटायझेशनच्या कामावर आहे. पगार इंजिनिअरसारखा नाही, काकूला खोटं सांगू नये. इथे नुसत्या मास्टर्सवर प्राध्यापक व्हायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि परदेशी डिग्रीला समकक्षता काढावी लागते, पूर्वी ते एआययूकडे (भारतीय विद्यापीठांचा संघ) असायचं, २०२५ मध्ये यूजीसीने स्वतःचे नियम आणलेत, ते आधी वाच. जॉइंट डिग्री असेल तर प्रत्येक विद्यापीठाची मार्कलिस्ट आणि डिप्लोमा सप्लिमेंट (डिग्रीसोबत मिळणारं अभ्यासक्रमाच्या माहितीचं पत्रक) जपून ठेव.

दप्तरखाना

मांडवीतीर, +१.

चांगलं चांगलं सगळ्यांनी लिहिलं, आता अवघड बाजू. या कोर्सेसचा खरा तोटा म्हणजे वेळ. एका देशात जेमतेम घडी बसते, ग्रंथपाल ओळखायला लागतात, भाषा कानाला लागते, की बॅग भरायची. सहा महिन्यांत हंगेरियन येत नाही, कोणालाच येत नाही. लेक्चर इंग्लिशमध्ये असतात पण कागदपत्रं इंग्लिशमध्ये नसतात. म्हणून थिसिस कुठल्या देशाच्या कागदांवर करायचा हे पहिल्याच सत्रात ठरव आणि ती एकच भाषा धर. निघायच्या आधी पुण्यातच जर्मन किंवा फ्रेंच बी१ पर्यंत (ए१ ते सी२ मधली मधली पातळी) नेलीस तर अर्धी लढाई तिथेच. हॅब्सबर्ग साम्राज्याचा कुठलाही कोपरा घेतलास तरी जर्मन लागणारच.

मार्कांचं पण घरी आधीच सांगून ठेव. हंगेरीत ५ सगळ्यात चांगला, चेकमध्ये १ सगळ्यात चांगला, फ्रान्समध्ये २० पैकी, इटलीत ३० पैकी. माझ्या आईने प्रागचे १ आणि २ बघून जेवण सोडलं होतं.

पंचगंगा

आणि परमिट. शेंगेन (आपसात सरहद्दीवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा पट्टा) आहे म्हणून फिरता येतं, पण राहून शिकायला प्रत्येक देशाचा वेगळा कागद. युरोपियन युनियनचा २०१६ चा नियम आहे की एका देशाच्या विद्यार्थी परवान्यावर दुसऱ्या देशात ३६० दिवसांपर्यंत शिकता येतं, पण तो प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लावलाय, आणि डेन्मार्क, आयर्लंड त्यात नाहीतच. एका ठिकाणी माझं कार्ड हातात येईपर्यंत अख्खी थंडी गेली, तोवर देशाबाहेर पडायची चोरी, एक कॉन्फरन्स हुकली. दुसऱ्या देशाची कागदपत्रं पहिल्या सत्राच्या मध्यावरच सुरू करायची. जर्मनीला जाणार असशील तर एपीएसचं (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासणारं जर्मन केंद्र) सर्टिफिकेट नोव्हेंबर २०२२ पासून लागतं, कोणाला सूट आहे ते त्यांच्या साइटवर बघ. स्कॉलरशिपशिवाय जर्मनीला गेलीस तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठराविकच रक्कम काढता येणारं खातं) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. माझं प्रामाणिक मत, कर्ज काढून हा कोर्स करू नये. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी परत अर्ज.

हेमंत_अकोला

सगळं वाचून काढलं. मी बीए मराठी माध्यमातून केलंय, पेपर सगळे मराठीत लिहिले. माझ्यासारख्याने विचार करावा का? इंग्लिश वाचता येतं चांगलं, बोलताना अडखळतो.

मांडवीतीर

हेमंत दादा, जरूर करा. माध्यम कोणी विचारत नाही, इंग्लिशचा पुरावा म्हणजे आयईएलटीएस किंवा तसं काही मागतात, बहुतेक ठिकाणी ६.५ ते ७, तेवढी तयारी करा. आमच्या वर्गात इंग्लिश मातृभाषा असलेले मोजकेच होते, अडखळत सगळेच बोलायचे. मार्कलिस्ट मराठीत असेल तर विद्यापीठाकडून इंग्लिश ट्रान्सक्रिप्ट आत्ताच मागून ठेवा, त्याला वेळ लागतो. आणि मोटिव्हेशन लेटरमध्ये ‘मला लहानपणापासून इतिहासाची आवड’ असं नका लिहू. तुमच्या भागातला एखादा खरा प्रश्न घ्या. तुमच्याकडे वऱ्हाडात कापूस आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६१ नंतर इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडावर गेली, युद्ध संपल्यावर भाव कोसळले. मँचेस्टरकडे त्याचे कागद आहेत आणि तुमच्याकडे गावं आहेत. यावर दोन परिच्छेद लिहा, निवड समितीवाले पुढचं पान उलटून वाचतील.

हेमंत_अकोला

हे सुचलंच नव्हतं. आमच्या तालुक्याला जुनं जिनिंग आहे, त्याच्या मालकांकडे वह्या आहेत म्हणतात. जाऊन बघतो रविवारी.

सायली_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू येऊन गेली, पगाराचं मांडवीतीर ताईंनी लिहिलंय तसंच सांगितलं, ती म्हणाली निदान खरं तरी बोललीस. बाबा आता स्वतःच वळिवड्याबद्दल वाचत बसलेत. मी जर्मन ए२ ला नाव घातलंय आणि दोन मॅडमना शिफारसपत्रासाठी विचारलंय. पहिली पसंती बुडापेस्ट-प्राग, दुसरी व्हिएन्नावाला. दप्तरखाना ताई, लेटरचा कच्चा मसुदा झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर चालेल का?

दप्तरखाना

चालेल की. डिसेंबरच्या आत पाठव, त्यानंतर मी गावी असते, तिथे नेट धड नाही. आणि नानासाहेबांनाही पाठव, ते माझ्यापेक्षा कडक तपासतील.

नानासाहेब_ठाणे

पाठव बाळ. लाल पेन अजून आहे माझ्याकडे.